सोळा सदनिका, नववी सही: कथानक कसं बांधायचं

ठाण्यात नौपाड्यातली एखादी जुनी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. तळमजला अधिक तीन मजले, सोळा सदनिका, लिफ्ट नाही, जिन्याच्या भिंतीला ओल. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि पहिल्या मजल्यावरच्या सुलभाताई कर्वे, वय ६८, संमतिपत्रावर सही करत नाहीत.

एवढं सुचलं की माणूस लिहायला बसतो आणि हजारेक शब्दांवर अडतो. इमारतीचं वर्णन झालं, सुलभाताईंचा चहा झाला, अंगणातला पारिजातक झाला, नवऱ्याच्या आठवणी झाल्या. आता पुढे काय? याला लोक ‘सुचणं थांबलं’ म्हणतात. सुचलेलं तर भरपूर असतं, बांधलेलं काहीच नसतं. ही बांधणी कशी करायची ते सुलभाताईंचीच कथा हाताशी धरून पाहू. साधारण ३५०० शब्दांची, दिवाळी अंकात चालेल अशा बेताची कथा आहे असं समजा.

‘मग’ आणि ‘म्हणून’

नोटीस लागली. मग सेक्रेटरी तावडे सही मागायला आला. मग सुलभाताई नाही म्हणाल्या. मग सोसायटीतली काही मंडळी भेटायला आली. मग तावडेची आई जिन्यात पडली. मग सभा झाली.

या सहा घटना झाल्या, कथानक नाही झालं. मंडळी आधी आली काय आणि आई आधी पडली काय, फरक पडत नाही. अशी अदलाबदल खपून जाते तिथे दोन घटनांच्या मध्ये काही नाही हे ओळखावं. आता तेच पुन्हा:

नोटीस लागली म्हणून तावडे सही मागायला आला. पण सुलभाताईंनी नकार दिला, म्हणून तावडेची आई स्वतः त्यांची समजूत घालायला तिसऱ्या मजल्यावरून खाली निघाली. उतरताना ती पडली, म्हणून सुलभाताईंना पहिल्यांदा सही करावीशी वाटली. पण सही त्यांना करताच येत नव्हती.

आईचं पडणं पहिल्या यादीत नुसता अपघात होता, इथे ते नकाराच्या पोटातून आलं. त्यामुळे सुलभाताईंच्या माथी एक ओझं आलं, आणि ते लेखकाला वाक्य लिहून सांगावंही लागलं नाही. तुमच्या कथेचा आराखडा असाच सात-आठ वाक्यांत लिहा आणि सांध्यांवर कुठला शब्द बसतो ते पाहा. एखाद-दुसरा ‘मग’ चालतो. माणसं रोज उठून काही कार्यकारणभावात जगत नाहीत. सलग तीन ‘मग’ आले तर मात्र तिथे वाचक पान उलटून कथा किती उरली आहे ते बघतो.

सही का नाही?

सगळं कथानक या एका उत्तरावर उभं आहे, आणि पहिलं सुचलेलं उत्तर जवळपास नेहमीच वापरून गुळगुळीत झालेलं असतं. आठवणी गुंतल्या आहेत. झाड तोडतील. परदेशातला मुलगा परत येईल तेव्हा त्याला हाच पत्ता ठाऊक आहे. ही तीन कारणं वाचकाला तुमच्या आधी सुचतात. कागदावर दहा कारणं लिहून काढा. सहसा पाचव्या-सहाव्यानंतर बोचरं काहीतरी येतं. इथे असं येतं: ते घर सुलभाताईंचं नाहीच.

१९८६ साली थोरले दीर वसंतराव यांनी कंपनीच्या कर्जावर ही सदनिका घेतली. पुढे त्यांना नवी मुंबईत कोपरखैरण्याला सिडकोचं घर मिळालं, म्हणून त्यांनी नौपाड्याची जागा धाकट्या भावाला, म्हणजे सुलभाताईंच्या नवऱ्याला, राहायला दिली. पैसे हळूहळू देऊ, नावावर करून घेऊ, असं ठरलं. दिले नाहीत, केलं नाही. नवरा २००९ मध्ये गेला. त्यानंतर सुलभाताईंनी दिराच्या घरची कार्यंसुद्धा टाळली. गाठ पडली तर विषय निघेल. सोसायटीचं सभासदत्व दाखवणाऱ्या शेअर सर्टिफिकेटवर आजही वसंतरावांचंच नाव आहे. पुनर्विकास म्हणजे कागद बाहेर काढणं, आणि कागद बाहेर आला की इतक्या वर्षांचा संसार परक्या घरात झाला हे सोसायटीसमोर उघडं पडणार.

आता पारिजातक वाया जात नाही. ते सुलभाताईंनी लोकांना सांगायचं कारण होतं. सांगायचं कारण एक आणि खरं दुसरं, असं असलं की पात्राच्या साध्या बोलण्यालाही दोन मजले येतात.

समोरच्या माणसालाही तितकंच खरं कारण द्या. तावडे बिल्डरचा हस्तक वगैरे असेल तर कथा वर्तमानपत्रातल्या बातमीएवढी उरते. त्याच्या आईचे गुडघे गेले आहेत, ती चार महिन्यांत खाली उतरलेली नाही, आणि नव्या इमारतीत लिफ्ट असणार आहे. दोघंही बरोबर आहेत.

ठाणेकर वाचक हिशेब करतो

इथे एक गोची आहे, आणि ती आधीच सोडवली नाही तर पूर्ण कथा कोसळते. एकट्या सुलभाताईंची सही नाही म्हणून अख्खी सोसायटी अडते कशी? ठाण्यात पुनर्विकासाच्या सभेला बसून आलेले लोक घरोघरी आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाबाबत राज्य सरकारच्या २०१९ च्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, सगळ्यांची नाही. हे माहीत असलेला वाचक दुसऱ्या पानावरच हसेल.

मग नियमालाच कामाला लावा. सोळांचे ५१ टक्के म्हणजे ८.१६, म्हणजे नऊ सह्या. आठ झाल्या आहेत. उरलेल्या आठांपैकी सात जण विरोधात आहेत. कोणाला भाडं कमी वाटतं, कोणाला चटईक्षेत्र. राहिल्या सुलभाताई. नववी सही त्यांची.

या आकडेमोडीने नुसतं भोक बुजलं असं नाही. आता त्या सात जणांनाही सुलभाताई हव्या आहेत. ते पेढे घेऊन घरी येतात, ‘काकू, तुम्ही ठाम राहिलात म्हणून आम्हाला धीर आला’ म्हणतात आणि न विचारता त्यांना विरोधाचं पुढारीपण देऊन जातात. लपून राहायचं असलेल्या बाईला लोक स्टेजवर बसवतात. मूळ कल्पनेत हा प्रसंग नव्हता. नियम नीट वाचल्यावर आला. कथेत बँक असो, पोलीस ठाणं असो की घणसोलीतली साडेबारा टक्क्यांची (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने गावकऱ्यांना दिलेली) जमीन, त्या व्यवहाराचा नियम अडचण म्हणून न बघता प्रसंगांची खाण म्हणून बघावा.

बीज कसं पेरायचं

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने कथावस्तूची पाच साधनं सांगितली आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज सुरुवातीला अगदी थोडंसं दाखवायचं, पुढे ते नाना रीतींनी पसरत जातं आणि शेवटी फळाला येतं. बिंदू म्हणजे मध्ये खंड पडल्यावर मूळ धागा पुन्हा हातात देणारी गोष्ट. पताका हे लांब चालणारं उपकथानक, रामायणात सुग्रीवाचं आहे तसं. प्रकरी म्हणजे येऊन जाणारा छोटा प्रसंग, जटायूचा असतो तसा. हे नाटकासाठी लिहिलं होतं, तरी बीज हा शब्द कथेसाठीही इतका नेमका आहे की दुसरा शोधायची गरज पडत नाही.

आपल्या कथेचं बीज एका अक्षरात आहे. दाराच्या पाटीवर आहे ‘द. गो. कर्वे’, दत्तात्रेय गोविंद, नवऱ्याचं नाव. मेंटेनन्सचं बिल येतं ते ‘व. गो. कर्वे’ या नावाने. दर महिन्याला येतं आणि कोणी वाचत नाही.

हे वाचकाला दिसलं पाहिजे आणि लक्षात यायला नको. त्यासाठी दोन गोष्टी करायच्या. पाटी आणि बिल एकाच परिच्छेदात नको. मध्ये चारपाचशे शब्द जाऊ द्यावेत. आणि बिलाचं वाक्य असं लिहावं:

‘दारात बिल सरकवलेलं होतं. व. गो. कर्वे, सदनिका ७, देखभाल १८५०, सिंकिंग फंड १५०, थकबाकी शून्य. थकबाकी शून्य या शब्दांवरून त्यांनी नेहमीसारखं बोट फिरवलं.’

अक्षर यादीच्या सुरुवातीला बसलं, तिथे नजर सरावाने घसरते. यादीनंतर लगेच एक हालचाल आली, आणि वाचक बोटाकडे बघत राहिला. ती हालचाल नुसती फसवणूकही नाही. बाई एकही महिना थकबाकी ठेवत नाही, कारण थकबाकी राहिली की ऑफिसात कोणीतरी खातं उघडून नाव वाचेल. हे वाचकाला नंतर उमगतं आणि बोटाला वेगळाच अर्थ येतो.

एखादी खूण एकदाच दाखवली तर निसटते, तीन-चारदा दाखवली तर वाचक तुमच्या पुढे पळतो. दोनदा पुरे. ‘त्या बिलात काहीतरी होतं, पण ते त्यांना आज आठवायचं नव्हतं’ असलं वाक्य लिहायचा मोह होतो, तो गिळावा. वाचकाला कोपराने ढोसून बीज दाखवलं की ते बीज राहत नाही.

कोणाला, काय, केव्हा

घटना कुठल्या आहेत हे ठरल्यावर त्यांची माहिती कोणाला कधी मिळते हे वेगळं ठरवावं लागतं. नवे लेखक हे काम वगळतात आणि पुढे निवेदनात अडकतात. कागदावर चार रकाने आखा: वाचक, सुलभाताई, तावडे, वसंतराव. ‘घर कोणाचं’ हे प्रत्येकाला कुठल्या प्रसंगात कळतं ते रकान्यात लिहा.

समजा, शेवटच्या सभेपर्यंत वाचकाला अंधारात ठेवायचं आहे. तर निवेदन सुलभाताईंच्या मनातून करता येणार नाही. ज्या बाईच्या डोक्यात तीन आठवडे दुसरं काही नाही, तिच्या डोक्यात बसून ती गोष्ट न सांगणं म्हणजे लबाडी आहे आणि वाचक ती माफ करत नाही. मग निवेदन तावडेच्या बाजूने घ्यावं लागतं. त्यात शेवटी धक्का बसतो, पण त्याआधी वाचकाला सुलभाताई नुसत्या हट्टी वाटत राहतात.

दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो. एक तृतीयांश कथा झाली की, म्हणजे साधारण १३०० व्या शब्दाला, वाचकाला कपाट उघडून सर्टिफिकेट दाखवून टाकावं. बाकी कोणाला काही माहीत नाही. त्यापुढे तावडेचं प्रत्येक आपुलकीचं वाक्य वाचकाच्या काळजात कालवाकालव करतं, कारण वाचकाला जे ठाऊक आहे ते त्याला नाही. धक्का एका ओळीचा असतो, धाकधूक दोन हजार शब्द पुरते.

मधला भाग का लोंबतो

बहुतेक अर्धवट कथा इथेच मरतात. कारण एकच असतं: दाब वाढत नाही, पुन्हा पुन्हा तोच येतो. तावडे आला, नकार. तावडे परत आला, परत नकार. आता कमिटीचे तिघे आले, नकारच. आवाज चढला तरी प्रसंग जागचा हलत नाही. दाबाची जात बदलली पाहिजे. आधी विनंती, मग नको असलेला गौरव, मग एका म्हातारीचं पडणं, मग कागद, मग तुटलेलं नातं.

आणि मध्याच्या आसपास एकदा तरी कथेचा प्रश्नच उलटा व्हावा. आपल्या कथेत तो जिन्यात उलटतो. तावडेची आई पहिल्या मजल्याच्या वळणावर पडते. पडल्याचा आवाज ऐकून दार उघडतात त्या सुलभाताई. ॲम्ब्युलन्सची माणसं येतात, पण स्ट्रेचर त्या अरुंद वळणावर फिरत नाही. शेवटी सुलभाताईंच्याच स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची बाहेर येते, म्हातारीला तीत बसवून चौघं जण उतरवतात, आणि सुलभाताई मागून तिचं डोकं धरून एकेक पायरी उतरतात. इतका वेळ ‘यांना सही करायची नाही’ अशी कथा होती. इथून पुढे ‘यांना करायची आहे, पण सही त्यांची नाही’ अशी होते. अडथळा बाहेर होता तो आत आला. या प्रसंगाला शब्द मोकळ्या हाताने द्यावेत: खुर्चीचा पाय कठड्याला लागतो तो आवाज, म्हातारीच्या केसांना येणारा खोबरेल तेलाचा वास, ‘सुलभा, मी तुझ्याकडेच येत होते गं’ हे तिचं एक वाक्य. एवढ्यावर थांबावं. यानंतर सुलभाताईंचं दोन परिच्छेदांचं आत्मपरीक्षण लिहिलंत तर प्रसंगाने केलेलं काम स्वतःच्या हाताने पुसून टाकाल.

नाट्यशास्त्राने याच वाटचालीचे पाच संधी, म्हणजे सांधे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. गर्भसंधीत बीज हाती लागतं, निसटतं आणि त्याचा पुन्हा शोध सुरू होतो. आपला जिना म्हणजे तीच जागा: सहीची इच्छा हाती आली आणि सहीचा हक्क निसटला. युरोपात गुस्ताव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये चढण, शिखर, उतरण असा पाच भागांचा पिरॅमिड मांडला, तो लेखनाच्या वर्गांमध्ये सर्रास शिकवतात. त्याने तो नाटकं समोर ठेवून काढला होता, त्यातही पाच अंकी. लघुकथेत शिखर बहुधा शेवटाला अगदी खेटून असतं. पिरॅमिडची उतरण तिच्यावर लादली की शेवटची दोन पानं आवराआवर वाटायला लागतात.

कार्डं

आता प्रत्यक्ष मांडणी. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद घ्या, एका प्रसंगाला एक. वर प्रसंगाचं नाव. खाली तीनच ओळी: पात्र प्रसंगात शिरताना काय स्थिती आहे, बाहेर पडताना काय आहे, आणि पुढच्या कार्डाशी जोडणारा शब्द. जिन्याचं कार्ड असं दिसेल:

‘जिना. शिरताना: सुलभाताईंना नकार टिकवायचा आहे. बाहेर पडताना: सही करायची आहे. जोड: पण.’

शिरतानाची आणि बाहेर पडतानाची ओळ सारखीच असेल तर तो प्रसंग नाही, नुसतं वर्णन आहे. त्यातलं एखादं चांगलं वाक्य दुसऱ्या कार्डावर हलवा आणि कार्ड टाकून द्या.

३५०० शब्दांना सात कार्डं पुरतात. सूचनाफलक, तावडेची पहिली भेट आणि दारावरची पाटी: ५००. पेढे घेऊन आलेले विरोधक, ते गेल्यावर दारातलं बिल: ५००. रात्री कपाट: ३००. जिना: ६००. तावडे सभासद नोंदवही उघडतो: ४५०. कोपरखैरणे: ६५०. सभा: ५००. पहिल्या तीन कार्डांवर १३०० शब्द खर्च झाले. नवशिक्याच्या मसुद्यात तिथपर्यंत दोन-अडीच हजार गेलेले असतात आणि सभा तीनशे शब्दांत गुंडाळलेली असते. सुरुवात दहादा घासली जाते आणि शेवट दमल्यावर लिहिला जातो, म्हणून असं होतं. उपाय साधा आहे: कोपरखैरण्याचा प्रसंग आधी लिहून काढा.

सुरुवातीला इमारतीचा इतिहास सांगत बसू नका. कीर्तनात पूर्वरंग आधी आणि आख्यान नंतर हे शोभतं, कारण ऐकणारा मांडी घालून बसलेला असतो. वाचक उभा असतो. नोटीस लागलेल्या सकाळीच कथा उघडा. १९८६ साल तिसऱ्या कार्डावर कपाटातून बाहेर येईल, तेही आठ-दहा ओळींत.

कादंबरी असेल तर हीच कार्डं साठ-सत्तर होतात आणि पताका लागते. तावडे आणि त्याच्या आईचं घर हे उपकथानक म्हणून फुलवता येईल. कथेत त्याला जागा नाही.

योगायोग आणि शेवट

पाचव्या कार्डावर तावडे नोंदवही का उघडतो? सहज चाळताना नाव दिसलं, असं केलंत तर सगळं फसलं. योगायोगाने पात्र संकटात सापडलं तर वाचक खपवून घेतो. योगायोगाने कोडं सुटलं तर चिडतो. ॲरिस्टॉटलने दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं: गुंतागुंत कथेतूनच सुटली पाहिजे, ग्रीक नाटकांत शेवटी यंत्राने रंगमंचावर देव उतरवून पेच सोडवत तसा देव उतरवून नव्हे. म्हणून तावडेला कारण द्या. आई पडल्यावर तो हातघाईला आला आहे. सदनिका सातवर आणखी कोणाचं नाव असेल, त्याच्याकडून सही मिळेल, या आशेने तो वही काढतो. त्याला ‘व. गो.’ दिसतं. खाली येऊन तो एवढंच म्हणतो, ‘काकू, मला तुमची सही नकोच होती, नाही का?’ ओरडला असता तर प्रसंग सोपा झाला असता.

म्हणून सुलभाताई कोपरखैरण्याला जातात. वसंतरावांनी काय करावं? ‘अगं वेडे, घर तुझंच आहे’ म्हणाले तर देव यंत्रातून उतरला. दारातून हाकललं तर मालिकेचा भाग संपल्यासारखं होईल. तिसरा पर्याय असा: ‘सही मी करीन. पण घर कोणाचं ते सभेत तू सांगायचंस.’ सुलभाताईंना हवं ते मिळतं, आणि जे टाळण्यासाठी त्यांनी नाती तोडली नेमकं तेच मोजावं लागतं. शेवट पटतो तो अशा व्यवहारामुळे. ‘हे कधी घडलं असतं का’ यापेक्षा ‘हे याच बाईच्या वागण्यातून आलं का’ हा प्रश्न शेवटाला विचारावा.

सभेत हजेरी घेताना तावडे वाचतो: ‘सदनिका ७, व. गो. कर्वे.’ दोनदा डोळ्यांखालून गेलेलं अक्षर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं जातं. वसंतराव मागच्या खुर्चीवर गप्प बसून आहेत. सुलभाताई उभ्या राहतात. मतमोजणी लिहू नका. नऊ झाल्या हे वाचकाने केव्हाच मोजलंय. सुलभाताई काय बोलल्या हेही लिहायचं की नाही यावर मतं वेगळी असू शकतात. आम्ही एक वाक्य लिहू, तेही भाषण वाटणार नाही असं: ‘ती पाटी माझ्या मिस्टरांची आहे, घर यांचं आहे.’

कालरेषा

हा कंटाळवाणा भाग आहे आणि यातच सर्वांत लाजिरवाण्या चुका होतात. एका कागदावर साल आणि त्यासमोर प्रत्येकाचं वय लिहा. कथा २०२३ सालची: सुलभाताई ६८, म्हणजे घर घेतलं तेव्हा ३१, वसंतराव ७४, म्हणजे तेव्हा ३७, कंपनीचं कर्ज मिळण्याजोगं वय. मसुद्यात वसंतरावांना धाकटा दीर केलंत तर वयाचं गणित बिघडतंच, शिवाय हाक बदलते, आदर बदलतो, शेवटच्या अटीतला अधिकारही जातो.

स्थळाचंही तसंच. सुलभाताई ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी धरून कोपरखैरण्याला उतरतात. कथा २०२३ ची असेल तर ठाण्यानंतर पहिलं स्टेशन ऐरोली. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. आठवणीत त्या १९९० साली दिराकडे गेल्या असतील तर त्यांना या गाडीत बसवू नका, कारण या मार्गावर प्रवासी लोकल २००४ मध्ये आली. आणि कथा २०१९ च्या आधी नेली तर आपली नऊ सह्यांची सगळी बेरीजच उडते.

प्रवासाचा प्रसंग लिहायचाच असेल तर तीन ओळी. पारसिकचा डोंगर, कारखाने, खिडकीतला वारा हे सगळ्यांनी पाहिलंय. गाडीत सुलभाताई काही ठरवत असतील, किंवा ठरवलेलं मोडत असतील, तरच थांबा. नाहीतर सरळ वसंतरावांच्या दारात उतरवा.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा झाल्यावर निदान दहा दिवस तो उघडू नका. मग वाचताना समासात प्रत्येक प्रसंगासमोर एकच वाक्य लिहा: इथे काय बदललं. मूळ कार्डं त्या वेळी समोर ठेवू नका, नाहीतर जे लिहायचं ठरवलं होतं तेच कागदावर आहे असा भास होतो. समासातली वाक्यं आणि कार्डं नंतर शेजारी ठेवली की फरक दिसतो. बऱ्याचदा कथेने आपण आखलेल्यापेक्षा बरी वाट धरलेली असते. तिथे कार्ड फाडावं, खर्डा नाही.

वाचायला देताना ‘कशी वाटली’ असं विचारू नका, ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. घर सुलभाताईंचं नाही असा संशय कुठल्या पानावर आला, आणि कुठे वाचणं बाजूला ठेवून चहा करावासा वाटला, हे दोनच प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर ‘पाटीपाशीच’ असं आलं तर बीज फार वर आलंय. चार जणांनी चहा एकाच पानावर केला असेल तर दोष त्या पानाच्या आधीच्या पानात शोधा. कंटाळा उशिरा जाणवतो.

आणि अंकाची मर्यादा २५०० शब्दांची निघाली तर सगळीकडून थोडं थोडं खरवडू नका, त्याने सगळेच प्रसंग अशक्त होतात. विरोधकांची भेट आणि कपाट एकत्र करा: पेढ्यांचा बॉक्स ठेवायला सुलभाताई कपाट उघडतात, मंडळी बाहेरच्या खोलीत बसलेली असतानाच सर्टिफिकेट हाती येतं. बिल मग पहिल्या प्रसंगाच्या शेवटी आणावं लागेल आणि पाटी त्याच प्रसंगाच्या सुरुवातीला. मधलं अंतर तीनशे शब्दांवर येईल, तेवढं चालतं. नोंदवहीचा प्रसंग तावडेच्या त्या एका वाक्यावर आणा. जिन्याला हात लावू नका.